त्रिनिदाद एका दिवसात: चारची होडी धरून आखायची सहल

त्रिनिदादसाठी तुमच्याकडे एकच दिवस असेल, तर सकाळी कुठून निघायचं हा विचार नंतर करा. आधी संध्याकाळी चारची वेळ पक्की करा. कॅरोनीच्या दलदलीत लाल आयबिस पक्षी बघायला नेणाऱ्या होड्या चारच्या सुमारास सुटतात आणि त्या कुणासाठी थांबत नाहीत, कारण सूर्य थांबत नाही. बेट विषुववृत्तापासून जेमतेम साडेदहा अंश उत्तरेला आहे. त्यामुळे सूर्यास्त वर्षभर सहाच्या मागेपुढेच होतो आणि होडीची वेळही फारशी बदलत नाही. बाकी सगळं, म्हणजे समुद्रकिनारा, देवळं, शहर आणि खाणं, या चारच्या अलीकडे बसवायचं. बहुतेक जण नेमकं उलट करतात: किनाऱ्यावर रेंगाळतात, मग हायवेवर अडकतात आणि पक्षी हुकतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. पोस्टकार्डावरचं काचेसारखं निळं पाणी आणि पांढरी वाळू हवी असेल तर ती टोबॅगोला, म्हणजे याच देशाच्या दुसऱ्या बेटावर. तिथे विमानानं अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं, पण त्यासाठी वेगळे दोन दिवस काढा. त्रिनिदाद व्हेनेझुएलाला इतकं खेटून आहे की ओरिनोको नदीचा गाळ इथल्या पाण्यात येतो. पश्चिमेचा समुद्र तर सरळ मातकट दिसतो. बेटाची मजा वेगळ्याच गोष्टीत आहे. एका दिवसात तुम्ही डोंगरातल्या रस्त्यानं कॅरिबियन समुद्राच्या लाटांपर्यंत जाता, दुपारी भर समुद्रातल्या शिवमंदिरात असता आणि संध्याकाळी खारफुटीत.

निघण्यापूर्वी

भारतातून थेट विमान नाही. न्यूयॉर्क, मायामी, टोरोंटो, लंडन, ॲमस्टरडॅम किंवा पनामामार्गे जावं लागतं. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी त्रिनिदादचा आगाऊ व्हिसा लागत नाही, तरी तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयाकडून खात्री करून घ्या. खरी अडचण वाटेतल्या देशाची असते. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशातून येत असाल तर लशीचा दाखला मागतात. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सगळं सोपं जातं.

कोरडा मोसम जानेवारी ते मे. जूनपासून डिसेंबरपर्यंत पाऊस असतो, पण तो सहसा दुपारी धो धो कोसळून मोकळा होतो. बेट बरंच दक्षिणेला असल्यामुळे कॅरिबियनमधली बहुतेक चक्रीवादळं त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. कार्निव्हल असतो ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो तो बुधवार) आधीच्या सोमवार-मंगळवारी. त्या आठवड्यात हॉटेलांचे दर गगनाला भिडतात आणि ॲश वेन्सडेला थकलेलं अख्खं शहर मराकसच्या किनाऱ्यावर लोटतं. तो दिवस या सहलीसाठी नाहीच. रविवारीही किनाऱ्यावर गर्दी असते. मंगळवार ते शनिवारमधला एखादा दिवस धरा.

गाडी आणि वाटाड्या

गाडी स्वतः चालवता येते. इथेही डावीकडूनच चालवतात, त्यामुळे हात लगेच बसतो. पण एकाच दिवसासाठी मी स्थानिक वाटाड्याच घेईन. कारण रस्ते नव्हेत. शहराचे काही भाग असे आहेत जिथे चुकूनही वळू नये आणि ते नकाशावर कळत नाही. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये गुन्हेगारी आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अलीकडच्या काळात तिथे आणीबाणीही जाहीर झालेली आहे. जाण्यापूर्वी सध्याची प्रवाससूचना वाचा, अंधार पडल्यावर पायी हिंडू नका आणि गळ्यातलं सोनं घरीच ठेवा.

गाडी ठरवताना नंबरप्लेट बघा. अधिकृत टॅक्सीचा नंबर ‘एच’ अक्षरानं सुरू होतो. ‘पी’ म्हणजे खासगी गाडी. तीच गुपचूप टॅक्सी म्हणून चालवतात आणि लोक तिला ‘पीएच’ म्हणतात. स्थानिक लोक तिच्यात बिनधास्त बसतात, तुम्ही बसू नका. रंगीत पट्ट्यांच्या ज्या मिनीबस दिसतात त्या मॅक्सी टॅक्सी. त्या स्वस्त असतात, पण ठरलेल्या मार्गावरच धावतात आणि आपला मार्ग त्यांच्या चाकोरीत बसत नाही.

वाटाड्याशी चार गोष्टी आधीच बोलून घ्या: भाडं दिवसाचं की तासाचं, होडीचं तिकीट त्यात धरलंय की वेगळं, होडीत जागा राखून ठेवलीय का, आणि भाडं कोणत्या डॉलरमध्ये. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तो नक्की विचारा. एका अमेरिकी डॉलरला सहा-सात टीटी (त्रिनिदाद-टोबॅगोचे) डॉलर मिळतात आणि दोन्हींना लोक नुसतं ‘डॉलर’च म्हणतात. सुट्टे टीटी डॉलर खिशात असू द्या, रस्त्यावरच्या खाण्याला कार्ड चालत नाही.

पिशवीत काय हवं: पोहण्याचे कपडे, टॉवेल, देवळासाठी गुडघे आणि खांदे झाकणारा एक जोड, टोपी, सनस्क्रीन, डासांचं मलम, पातळ रेनकोट आणि पाणी. दुर्बीण असेल तर ती आवर्जून घ्या. लष्करी छापाचे कपडे मात्र अजिबात नकोत. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा टी-शर्ट, पँट किंवा टोपी सामान्य माणसानं वापरणं इथे गुन्हा आहे. लहान मुलांच्या कपड्यांतही तो छाप नसेल याकडे लक्ष द्या.

सकाळी साडेसहा: डबल्स

हॉटेलचा नाश्ता सोडा आणि वाटाड्याला डबल्सच्या गाडीवर न्यायला सांगा. हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊ, तळलेले ‘बारा’, त्यावर रसदार चणे, काकडी, चिंचेची चटणी आणि मिरची. कागदावर ठेवून हातात देतात. उभ्यानंच, पुढे वाकून खायचं, नाहीतर शर्टावर सांडतं. विकणारा एका हातानं बारा पसरत, दुसऱ्यानं चणे ओतत इतक्या झपाट्यानं काम करतो की मिरची किती हे ठरवायला तुम्हाला सेकंदभरच मिळतो. ‘स्लाइट’ म्हणा, म्हणजे जरा कमी. रोज ठेचा खाणाऱ्यांनीही पहिल्या खेपेला ‘स्लाइट’च म्हणावं. जगातल्या सर्वांत जहाल मिरच्यांत गणली जाणारी मोरुगा स्कॉर्पियन याच बेटावरची.

शाकाहारी माणसाची इथे चंगळ आहे. डबल्स तर आहेतच, शिवाय डाळीच्या पिठाची फुलोरी, बटाट्याचं सारण भरलेला आलू पाय आणि सहीना. सहीना म्हणजे जवळजवळ आपली अळूवडीच: अळूची पानं, डाळीचं पीठ आणि तळण. पोटभर खा, पण पुढचा रस्ता वळणांचा आहे हे लक्षात ठेवून.

सव्वासात: सवाना आणि ओव्हल

क्वीन्स पार्क सवाना म्हणजे शहराच्या मधोमध पसरलेलं प्रचंड मैदान. सभोवतालची वाहतूक एकाच दिशेनं फिरते, त्यामुळे गाडीतूनच एक फेरी मारा. पश्चिमेच्या कडेला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या सात इमारती ओळीनं उभ्या आहेत. त्यांना ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ म्हणतात. कुणी कोको विकून हवेली बांधली, कुणी स्कॉटिश किल्ल्याची नक्कल केली आणि शेजाऱ्याशी मेळ राखण्याची फिकीर कुणीच केली नाही. घड्याळाचा मनोरा असलेली लाल-पिवळसर इमारत क्वीन्स रॉयल कॉलेजची. देशाचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स तिथेच शिकले. इथे पंधरा मिनिटं पुरेत.

ओव्हलला मात्र तेवढ्यात भागणार नाही, निदान मराठी माणसाचं. क्वीन्स पार्क ओव्हल सवानापासून गाडीनं काही मिनिटांवर आहे. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं ते याच मैदानावर, सात गडी राखून. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी त्या सामन्यात ११२ धावा केल्या आणि पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांनी ६५ आणि नाबाद ६७. मालिकेतली शेवटची कसोटीही इथेच झाली. दातदुखीनं हैराण असताना गावसकरांनी तीत १२४ आणि २२० धावा काढल्या. पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, चौथ्या डावात ४०३ धावांचं लक्ष्य भारतानं गाठलं तेही इथेच. सामना नसेल तर वाटाड्याला फाटकावर विनंती करून बघायला सांगा. आत सोडलं नाही तरी बाहेरून स्टँड आणि मागचे हिरवे डोंगर दिसतात. जुन्या पिढीतला एखादा माणूस भेटला आणि तुम्ही भारतातून आलात हे त्याला कळलं, तर गावसकरांचा विषय तोच काढेल. अशा वेळी घड्याळाकडे लक्ष असू द्या. सव्वाआठला गाडी डोंगराकडे वळलीच पाहिजे.

मराकसचा रस्ता

मरावलवरून सॅडल रोडनं चढायचं आणि खिंडीत नॉर्थ कोस्ट रोडला लागायचं. हा रस्ता दुसऱ्या महायुद्धातला आहे. बेटाच्या वायव्य टोकाचा शगरामसचा भाग अमेरिकी नौदलानं तळासाठी घेतला आणि तिथले किनारे लोकांना बंद झाले. त्याची भरपाई म्हणून अमेरिकनांनी डोंगर फोडून मराकसपर्यंत रस्ता करून दिला. जाताना गाडीत डावीकडे बसा, समुद्र त्या बाजूला असतो. गाडी लागत असेल तर डबल्सच्या आधीच गोळी घेतलेली बरी.

वाटेत लुकआउटला दहा मिनिटं थांबायचं. खाली उत्तर किनाऱ्याचे कडे आणि त्यांत आत शिरलेले छोटे उपसागर दिसतात. बाजूच्या ठेल्यांवर बरण्यांत चिंचेच्या गोळ्या, मुरवलेली फळं आणि ‘चाव’ असतो: कच्चा आंबा किंवा अननस, मीठ, लसूण, मिरची आणि शॅडो बेनी नावाची कोथिंबिरीच्या वासाची पानं. आधी मागून चाखून बघा, मग घ्या. अननसाचा चाव नक्की घ्या.

सव्वानऊ ते साडेअकरा: मराकस

माडांनी वेढलेला, मागे ढगात डोकं घातलेल्या डोंगरांचा रुंद उपसागर. सकाळी गर्दी कमी असते आणि ऊनही सोसवतं. कपडे बदलायला आणि अंघोळीला थोडे पैसे देऊन खोल्या मिळतात.

पोहण्याबद्दल काटेकोर राहा. मराकसच्या लाटा जोरदार आहेत आणि आत खेचणारे प्रवाह इथे खरोखरच माणसं बुडवतात. जीवरक्षकांचे बुरूज आहेत. निशाणं बघा आणि त्यांनी आखलेल्या पट्ट्यातच उतरा. लाल निशाण असेल तर गुडघाभर पाण्यातही जाऊ नका. प्रवाहानं ओढलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकायचं, हात वर करायचा आणि ओढ संपली की किनाऱ्याकडे वळायचं. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्यांना हे ठाऊक असतं, पण तरण तलावात पोहायला शिकलेल्यांनी डोक्यात पक्कं करूनच उतरावं. मुलं किंवा वयस्क माणसं बरोबर असतील तर मराकसच्या शेजारचा टायरिको किनारा घ्या, तिथलं पाणी सहसा तुलनेनं शांत असतं. पलीकडचा लास क्युएवास अधिक सुंदर आहे असं माझं मत, पण तिथे बारीक वाळूमाश्या चावतात आणि आजच्या दिवसात तेवढा वेळही नाही.

अकराच्या सुमारास खाऊन घ्या. मराकसची ख्याती ‘बेक अँड शार्क’ची. बेक म्हणजे तळलेला फुगीर पाव. तो चिरून आत माशाचा तुकडा घालून देतात आणि मग तुम्ही मांडणीपाशी जाऊन चिंच, लसूण, शॅडो बेनी, अननस, कोबी आणि मिरचीचा रस्सा हवा तसा घालून घेता. खरा सोहळा हा मांडणीपाशीच. शार्कची संख्या जगभर घटतेय, म्हणून मी किंगफिश मागायला सांगेन. तो आपल्या सुरमईच्याच कुळातला मासा आहे आणि चवीला शार्कपेक्षा उजवा. शाकाहारी असाल तर बेकमध्ये चीज आणि भाज्या घालून देतात का ते विचारा. तळण मात्र बहुधा मासे तळलेल्याच तेलात होतं. ते चालत नसेल तर सकाळचे डबल्स जास्तीचे बांधून आणलेले बरे.

साडेअकराला अंघोळ, कोरडे कपडे आणि बाराच्या आत गाडीत. इथे अर्धा तास जरी घसरला तरी पुढचं सगळं कोसळतं.

पावणेदोन: वॉटर्लूचं समुद्रातलं मंदिर

शहर ओलांडून हायवेनं दक्षिणेला जायचं. आजूबाजूला पूर्वी उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांसाठीच ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून दोनशेहून अधिक गिरमिटिया (करारानं बांधलेले) मजूर घेऊन इथे लागलं. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं आली, बहुतेक अवध आणि भोजपुरी मुलखातली. घरांच्या अंगणात बांबूंवर रंगीत झेंडे दिसू लागले की कॅरापिचाइमा आलं असं समजा. ते झेंडे पूजेनंतर रोवलेले असतात.

वॉटर्लूच्या किनाऱ्यावर एक बांध सरळ समुद्रात जातो आणि त्याच्या टोकाला आठ कोनांचं मंदिर आहे. शिवदास साधू नावाच्या मजुरानं १९४७ मध्ये आधी किनाऱ्यावर देऊळ बांधलं होतं. जमीन साखर कंपनीची निघाली. त्याला १४ दिवसांचा तुरुंगवास आणि दंड झाला आणि १९५२ मध्ये देऊळ पाडण्यात आलं. जमीन तुमची असेल तर मी समुद्रात बांधतो, असं ठरवून त्यानं सायकलवरून दगड, सिमेंट आणि बादल्या वाहून ओहोटीच्या चिखलात भर घालायला सुरुवात केली आणि उरलेलं आयुष्य त्यातच घातलं. आताची वास्तू १९९५ मधली, भारतीयांच्या आगमनाला १५० वर्षं झाली त्या निमित्तानं उभारलेली. बांधाजवळ साधूंचा पुतळा आहे. आधी त्याच्यापाशी थांबा, मग आत जा.

भरतीची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा. भरतीला मंदिर पाण्यावर तरंगतंय असं वाटतं. ओहोटीला सभोवती राखाडी चिखल पसरतो, फोटो फिका येतो, पण त्या चिखलात किनाऱ्यावरचे पक्षी शेकड्यानं टिपत असतात. शेजारी स्मशानघाट आहे. चिता पेटलेली असेल तर कॅमेरा खाली ठेवा. चपला काढाव्या लागतात आणि दुपारच्या उन्हात फरशी भाजते, तेव्हा मोजे असतील तर घाला.

अडीच: हनुमान

तिथून जवळच दत्तात्रेय योग केंद्र आणि ८५ फुटी हनुमान. म्हैसूरच्या अवधूत दत्त पीठानं २००३ मध्ये या मूर्तीची प्रतिष्ठापना केली. मंदिराचा घाट दाक्षिणात्य असून कारागीरही तिकडचेच. गाणगापूर, नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या घरातल्या माणसाला कॅरिबियन बेटावर दत्तात्रेयांची पाटी दिसते तेव्हा काय वाटतं, ते ज्याचं त्यानं अनुभवावं. दुपारी गाभारा बंद असण्याची शक्यता मोठी आहे. आतलं दर्शनच हवं असेल तर वाटाड्याला आदल्या दिवशी फोन करायला लावा. मूर्ती आवारातूनच दिसते. तिच्या पायाशी जाऊन उभे राहा. मूर्ती केवढी आहे ते तेव्हा कळतं.

वेळ उरला तर चेस व्हिलेजला रस्त्याकडेला कुंभारांची दुकानं आहेत. दिवाळीसाठी लाखो पणत्या याच भागात घडतात. त्यांना इथे ‘दीया’च म्हणतात. सव्वातीनला मात्र हलायचंच.

चार ते सव्वासहा: कॅरोनी

होडीत बसण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन या, पुढे दोन तास सोय नाही. सपाट, उघडी होडी. डासांचं मलम इथेच लावा. कालवे अरुंद आहेत आणि दोन्हीकडून खारफुटीची मुळं पाण्यात कमानी टाकतात. नावाडी अचानक इंजिन मंद करून वर बोट दाखवतो आणि डोक्यावरच्या फांदीवर वेटोळं घालून अजगरासारखा दिसणारा बोआ साप निजलेला असतो. तो उठत नाही, तुम्हीही उभे राहू नका. मुळांना कालवं चिकटलेली दिसतात, खोडांवरून खेकडे चढत असतात.

मग कालवा संपून उघडं पाणी लागतं. समोरच्या बेटाजवळ होडी बांधून इंजिन बंद करतात आणि वाट बघायची. पाचनंतर पहिली रांग येते, सात-आठ पक्ष्यांची. त्यानंतर थव्यामागून थवे. तिरकं ऊन पडलं की तो लाल रंग खरा वाटत नाही. खेकडे-कोळंबीतल्या रंगद्रव्यामुळे तो येतो. पिल्लं करड्या-तपकिरी रंगाची असतात, ती थव्यात ओळखायचा प्रयत्न करा. पांढरे बगळेही त्याच झाडांवर उतरतात. होडी मुद्दामच दूर उभी करतात, त्यामुळे मोबाइलमध्ये नुसते लाल ठिपके येतात. फोनचा नाद सोडून दुर्बीण लावा. जवळ नेण्यासाठी नावाड्याला पैसे देऊ करणं तर अजिबात नको. लाल आयबिस हा राष्ट्रीय पक्षी आहे, एक डॉलरच्या नोटेवरही तोच आहे, आणि त्याची शिकार केली तर एक लाख टीटी डॉलर दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

परतीला शहराकडे येणारा रस्ता तुलनेनं मोकळा असतो, कारण संध्याकाळची कोंडी शहराबाहेर जाणाऱ्या बाजूला असते. साडेसात-आठपर्यंत हॉटेलवर पोचता.

बेत बदलायचा असेल तर

क्रूझनं आला असाल आणि जहाज पाच-सहाला सुटणार असेल, तर कॅरोनी विसरा. ओव्हल, मराकस आणि परत बंदर एवढंच करा, जहाज सुटायच्या दोन तास आधी पोचा. सकाळीच धुवांधार पाऊस असेल तर डोंगररस्त्यावर दरडी येतात. अशा दिवशी क्रम उलटा करा: आधी देवळं आणि वॉटर्लूचं इंडियन कॅरिबियन म्युझियम, मग आभाळ उघडलं तर होडी. म्युझियम आठवड्यातले काही दिवस बंद असतं, तेव्हा विचारून जा.

समुद्रात उतरायचंच नसेल तर मराकसऐवजी ला ब्रेचा पिच लेक घ्या. सुमारे १०० एकरांचं नैसर्गिक डांबराचं तळं, १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेनं आपल्या जहाजांच्या फटी ज्या डांबरानं बुजवल्या ते हेच. शहरापासून दीड-दोन तास लागतात, पण ते दक्षिणेलाच असल्यानं परतताना देवळं आणि कॅरोनी वाटेवर येतात. तिथे सपाट तळव्याचे जुने बूट घाला आणि अधिकृत वाटाड्याच्या पावलावर पाऊल टाकून चाला. वरून घट्ट दिसणारं डांबर काही ठिकाणी मऊ असतं आणि दुपारपर्यंत चांगलंच तापतं. म्हणून ला ब्रेला जायचं असेल तर सहालाच निघा, डबल्स वाटेत मिळतात.